दोघींत एक फणी

लाइट राहू दे, पूर्वी. अंधार करून सांगितलेल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. लख्ख उजेडात ऐकूनही जिची भीती वाटते ती खरी. आणि कबीर, तुझं ते "काका, देअर मस्ट बी अ लॉजिकल एक्स्प्लनेशन" शेवटी म्हण, मध्ये नको. तीस वर्षं मी विमानांच्या पंखांचे पत्रे तपासलेत. लॉजिक मला शिकवू नकोस.

राजीवला तुम्ही ओळखता. आमच्या फॅक्टरीतला, तनिषाचा बाबा. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. सहा महिने त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला, रेखालासुद्धा नाही. मला का सांगितलं ते येईल ओघात.

इथे ब्रिस्टलमध्ये राजीवच्या शेजारी बा लिएन राहायच्या. त्यांच्यात आजीला बा म्हणतात. उत्तर व्हिएतनामच्या. एकोणऐंशी साली बोटीतून निघाल्या, हाँगकाँगच्या कॅम्पात दिवस काढले आणि मग इकडे आल्या. उंची जेमतेम पाच फूट, केस पांढरेशुभ्र, पोरासारखे बारीक कापलेले. राजीव-रेखा कामावर गेले की तनिषाला त्यांनीच सांभाळलं. पोरगी मराठी बोलायच्या आधी व्हिएतनामी अंगाई गुणगुणायची, आणि रेखाला त्याचा थोडा रागही यायचा.

वर्षातून एकदा बा कार्डिफला मुलीकडे जायच्या. लढाईत गेलेल्या एका मैत्रिणीची तिथी असायची. आपण श्राद्धाला पान वाढतो ना, तसा तिच्या नावाने भाताचा वाडगा, चॉपस्टिक्स आणि उदबत्ती. २०२४ साली ती तिथी आली तेवीस नोव्हेंबरला, शनिवारी. नेमकं त्याच दिवशी वादळ. ट्रेन सगळ्या कॅन्सल. रेखा म्हणाली, पुढच्या आठवड्यात जा की. बा वाद घालत बसल्या नाहीत. जेवणाचा डबा मांडीवर घेऊन राजीवच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. डॉक्टरांनी त्यांना ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं, पुढच्या नोव्हेंबरचा भरवसा धरू नका. ते राजीवला ठाऊक होतं. त्याने गाडीची किल्ली घेतली. रात्री बाराच्या आत, तिथी संपायच्या आधी पोचायचं, एवढंच काम होतं.

वाऱ्यामुळे कार्डिफकडे जाणारे दोन्ही पूल बंद. मग ग्लॉस्टरवरून वळसा. लिडनीच्या पुढे मेन रोडवर पाणी होतं, म्हणून रस्ता दाखवणाऱ्या सॅटनॅवने एका अरुंद लेनमध्ये घातलं. डावीकडे चढ, उजवीकडे भरून वाहणारा ओढा, दिवा एकही नाही. बांना चैन पडत नव्हतं. डब्याचं झाकण उघडायचं, परत दाबायचं. घड्याळ बघायचं. परत झाकण. शेवटी राजीवच म्हणाला, बा, काय झालंय?

मग त्या बोलायला लागल्या.

त्यांची आई फ्रेंचांच्या वेळी कावडीने तांदूळ वाहायची, रानात लढणाऱ्या आपल्या माणसांसाठी. लेक अठरा वर्षांची झाली तेव्हा अमेरिकेची विमानं आली होती. सदुसष्ट साल. दिवसा विमानं रस्ता फोडायची, रात्री बा आणि त्यांच्यासारख्या सहा पोरी खड्डे बुजवायच्या. ट्रक यायचे ते दिवे न लावता, नाहीतर वरून दिसतील. मग एकीने पांढरा सदरा घालून खड्ड्याच्या काठावर हात पसरून उभं राहायचं. ड्रायव्हरला तेवढाच पांढरा ठिपका दिसायचा. नियम एकच, त्या पोरीला धरून चालव. दार तिच्या बाहीला घासलं पाहिजे. घाबरून लांब गेलास की पलीकडच्या दरीत.

बा आणि थोम एका गावच्या. दोघींत एक फणी होती, पाडलेल्या विमानाच्या पत्र्याची, कुणा ड्रायव्हरने घासून करून दिलेली. उभं राहायला जाणारीने फणी मागे राहणारीच्या हातात द्यायची. म्हणजे ती घ्यायला परत यावंच लागतं. पोरींचा आपला खुळा समज, पण कधी मोडला नव्हता. आणि ड्यूटी बदलताना हाक मारायची नाही, इंजिनांच्या आवाजात ऐकू येत नाही. मागून यायचं, कोपराला हात लावायचा. लावला की ती सुटली.

"ती रात्र माझी होती," बा म्हणाल्या. "मी सांगितलं, ताप आहे. ताप नव्हता. मला भीती वाटत होती, राजीव. थोम माझा सदरा घालून निघाली. फणी पुढे धरून उभी राहिली. मी पांघरुणातून हात काढला नाही. हात लागला असता तर तिला कळलं असतं, गार आहे."

थोम फणी घेऊनच गेली. पहाटे तिथे आणखी एक खड्डा होता. बाकी काही नाही.

"सत्तावन्न वर्षं तिला जेवायला बोलावते. येत नाही. कशी येईल? तिला सोडवायला कोणी गेलंच नाही." आज वाडग्यासमोर बसून हे मोठ्याने कबूल करायचं, म्हणून बारा वाजायच्या आत पोचायचं होतं.

राजीवने घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तो वळणावर आला...

आणि समोर पांढरं काहीतरी.

हसू नका रे. पांढऱ्या कपड्यातली बाई म्हटलं की तुम्हाला हसू येतं. राजीव पोलादपूरचा. घाटाच्या पायथ्याशी वाढलेला. तिथे लहानपणापासून एकच शिकवण, रात्री पांढऱ्या कपड्यातली बाई हात करताना दिसली की थांबायचं नाही, होईल तितकं लांबून गाडी काढायची.

मुलगी होती. रस्त्याच्या मधोमध. पांढरा सदरा. हात पसरलेला. केस मोकळे, कंबरेपर्यंत. पाऊस एवढा, पण ती जागची हलत नव्हती.

"जवळून," बा म्हणाल्या. "तिच्या जवळून जा."

त्याने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. लांब. आणखी लांब...

गाडी कलली. पुढचं उजवं चाक हवेत गेलं. खाली ओढा. त्याने ब्रेक दाबून धरला. आता हेडलाइट तिरपे पडले होते आणि त्यात त्याला दिसलं, मुलीच्या पायांशी रस्ताच नव्हता. डावी बाजू चढावरून आलेल्या पाण्याने सगळी खचून गेलेली. ती बरोब्बर काठावर उभी होती.

शेजारचं दार उघडलं. बा उतरल्या.

त्याने हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. रेनकोट काढून रस्त्यावर टाकला. आत पांढरा ब्लाउज होता, तिथीला दर वर्षी घालायच्या तो. हळूहळू चालत गेल्या. मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

कोपराला हात लावला.

वायपर गेला. दोघी होत्या. मुलीने हात केसांपाशी नेला...

वायपर परत आला.

बा एकट्या. हात पसरून.

नकुल विचारतोय, "काका, ती भूत होती का?" मला काय माहीत काय होतं.

त्याने कशीबशी रिव्हर्स घेऊन गाडी वर काढली. मग बांना धरून, एवढ्या जवळून नेली की आरसा त्यांच्या बाहीला घासला. पलीकडे थांबून म्हणाला, बा, चला. त्या हलल्या नाहीत.

"मागून गाड्या येतील," त्या म्हणाल्या. "माझी ड्यूटी आहे."

तासभर उभ्या होत्या. पंचाहत्तर वर्षांची बाई, त्या पावसात, आतून पोखरलेली. राजीवने पोलिसांना फोन केला, बांच्या खांद्यावर आपलं जॅकेट घातलं, त्यांनी ते काढून टाकलं. पांढरं दिसायला हवं ना. तीन गाड्या गेल्या. एकीत मागच्या सीटवर दोन लहान पोरं झोपलेली होती. पोलीस आले, रस्ता अडवायला केशरी कोन लावले, तेव्हा कुठे त्या गाडीत येऊन बसल्या. उजवी मूठ घट्ट मिटलेली. पण ती तगमग पार गेली होती. डब्याला हात नाही, घड्याळाकडे बघणं नाही. कार्डिफ येईपर्यंत बाळासारख्या झोपल्या.

पावणेबाराला वाडगा मांडला. कबुली वगैरे काही दिली नाही त्यांनी. नुसती मूठ उघडली आणि वाडग्याशेजारी काहीतरी ठेवलं.

फेब्रुवारीत बा गेल्या. शांतपणे गेल्या. मे महिन्यात राजीव माझ्याकडे आला, सगळं सांगितलं आणि म्हणाला, मुरलीधर, तू पत्रे ओळखतोस, एकदा चल. आम्ही कार्डिफला गेलो. बांच्या मुलीने फळीवर आईच्या फोटोखाली ठेवलेली फणी काढून माझ्या हातात दिली. ॲल्युमिनियम. विमानाचाच पत्रा, जुना. एका टोकाला पत्रे जोडायच्या रिव्हेटचं अर्धं भोक. त्यात मी चुकणार नाही.

फणीच्या दातांत तीन केस अडकले होते. काळेभोर, हातभर लांब. बांच्या मुलीने ते काढले नव्हते, म्हणाली धीर होत नाही. फणी त्या वादळी रात्रीपासून त्या कोरड्या फळीवरच होती. बाहेर दोन आठवडे पावसाचा थेंब नव्हता.

मी बोट लावलं.

केस ओले होते.