बटण बंद करू नये

जिन्याखालच्या सॉकेटमधला प्लग कस्तुरीने उपटला आणि वरच्या मजल्यावरून अशी किंकाळी आली, की तिला वाटलं, या घरात कुणीतरी गेलं!

धडधडत खाली आला तो एक तरुण. हातात टूथब्रश, ओठांवर फेस, टी-शर्ट उलटा. "काय केलंत हे? सहा तास... सहा तास गेले!"

"अहो, मी फक्त मोबाइल चार्जिंगला..."

"सहा तास!"

आता बघा. बिचारीला इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या त्या शेअर्ड घरात येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. पुण्याहून चार महिन्यांच्या प्रोजेक्टवर आलेली, कोट भिजलेला, बॅगेचं एक चाक हीथ्रोलाच निखळलेलं, आणि स्वागताला हे ध्यान! नाव यशोधन. तिच्यासारखाच सॉफ्टवेअरवाला, वरच्या खोलीत राहणारा. जिन्याखाली झाकण उघडं टाकलेला जो जुनाट कम्प्युटर घरघरत होता, तो त्याचा जीव की प्राण.

तोंड धुऊन आल्यावर त्याने समजावून सांगितलं. "सूक्ष्मजीवांची जनुकं वाचून झालीत. पण त्यांच्यापासून होणारी प्रथिनं कशी दुमडतात, काय करतात, हे काढायला प्रचंड गणित लागतं. एका युनिव्हर्सिटीला नाही झेपत. म्हणून ते त्याचे तुकडे करून जगभर पाठवतात, आणि आपण आपले रिकामे कम्प्युटर त्यांच्यासाठी चालवायचे. फुकट. हौस म्हणून. यातूनच उद्या एखादं औषध निघेल."

"म्हणजे ही घरघर जंतूंसाठी?"

"सूक्ष्मजीवांसाठी."

"जंतूच!"

त्यात कस्तुरीच्या हाताला एक खोड. बाहेर निघताना दिसेल ते बटण बंद करायचं, हे तिच्या आईने लहानपणापासून असं अंगी भिनवलेलं, की हात आपोआप जायचा. आणि या इंग्रजांनीही प्रत्येक सॉकेटला बटण दिलेलं! सोमवारी ऑफिसला निघताना — टक. गुरुवारी पुन्हा — टक. मग भिंतीवर कागद लागला : 'बटण बंद करू नये.' तिने खाली लिहिलं : 'घरघर करू नये.' तोवर अहो-जाहो संपून दोघं अरे-तुरेवर आले होते, अर्थात भांडायला ते सोयीचं म्हणून.

"यापुढे दंड," त्याने जाहीर केलं. "बटण बंद झालं, की शनिवारी सकाळी पोहे."

आणि ती करायची हो! मनात धाकधूक, आपल्या एका बोटामुळे कुठेतरी एखादं औषध अडलं तर? हात काही सुधारत नव्हता, त्यामुळे एकही शनिवार सुटला नाही. तो समोर बसून खायचा. "लिंबू कमी आहे," म्हणायचा. दुसऱ्यांदा मागायचा. मग भांडी घासायला तिच्याशेजारी उभा राहायचा, बाहेर भुरभुर पाऊस, आणि हा प्रथिनांवर बोलतोय! एकदा पोहे संपले, तर थेट लंडनजवळच्या हाउन्सलोला, देशी दुकानात जाऊन पाच किलो जाडे पोहे घेऊन आला, केसांतून पाणी निथळत.

"एवढे?"

"तुझा हात बघता लागतील."

पिशवी घेताना बोटांना बोटं लागली. दोघंही उगाच पिशवीवरचं लेबल वाचत राहिले.

कस्तुरीला तो आवडायला लागला होता. फार. पण त्याच्या मनात काय आहे, हे कळावं कसं? माणसाने जंतूंवर किती बोलावं, याला काही मर्यादा? जुलैत तिची बदली आली, नॉटिंगहॅमला. पोह्यांची बशी पुढे ठेवताना तिने सांगितलं, "पुढच्या शनिवारी निघतेय मी." आणि त्याच्याकडे बघत राहिली. आता तरी बोल, बाबा...

त्याने चमचा खाली ठेवला. "मग... आता बटण कोण बंद करणार?"

धन्य! तिने बशा इतक्या जोरात आपटल्या, की एकीचा टवका उडाला.

तरी वेडं मन. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने तोच प्रोग्रॅम आपल्या लॅपटॉपवर घेतला. हा नाही, तर नाही. निदान त्याचे जंतू तरी सोबत असू देत. सकाळपर्यंत एक्केचाळीस टक्के झाले. ती बॅग भरायला उठली आणि — टक.

"अगं बाई!" लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच राम म्हटलेला. स्क्रीन काळा. तिने घाईघाईने परत सुरू केला. एक्केचाळीस टक्के. कसं काय? तिने मुद्दाम बंद केला, पुन्हा चालू केला. एक्केचाळीस!

ती तरातरा खाली आली. यशोधन जिन्याखाली बसून कम्प्युटरवरची धूळ पुसत होता.

"हे आपलं आपण सेव्ह होतं?"

त्याचा हात थांबला. "फार तर... पाच-दहा मिनिटं जातात."

"आणि ते सहा तास?"

"पहिल्या दिवशी मला खरंच माहीत नव्हतं. शप्पथ!"

"कळलं कधी?"

"...दुसऱ्या दिवशी."

"यशोधन! सोळा शनिवार कांदे चिरलेत मी! डोळ्यांतून पाणी काढत!"

"तुझ्याशी बोलायला दुसरं काही कारणच सुचेना."

"'चहा घेतेस का' एवढं विचारायचं असतं, शहाण्या!"

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. कम्प्युटरच्या पंख्याने ते गिळलं.

"काय?"

तो पुन्हा पुटपुटला.

"अरे, मोठ्याने बोल ना! या घरघरीत काही ऐकू येत नाहीये!"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. सत्त्याण्णव टक्के. मग हात लांब केला आणि — टक. त्याने. स्वतः.

चार महिन्यांत पहिल्यांदा ते घर असं शांत झालं. पावसाची भुरभुर ऐकू आली, आणि त्याचा आवाज. "थांब म्हणणार नाही मी. काम आहे तुझं. पण तू मला आवडतेस, कस्तुरी. प्लग उपटलास ना, तेव्हापासून."

तिला अजून रागवायचं होतं, खरंच. पण ओठ फितूर झाले. डोळेही भरून आले, आणि या वेळी कांदा नव्हता. "एवढं बोलायला चार महिने? तुझे जंतू लवकर दुमडतात यापेक्षा!"

"जंतू नाही दुमडत. प्रथिनं..."

"गप्प बस."

हॉर्न पुन्हा वाजला. कस्तुरी वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ते बटण चालू केलं. घरघर सुरू झाली.

"पुढच्या शनिवारी नॉटिंगहॅमला यायचं. सकाळच्या पहिल्या ट्रेनने. आणि पोहे तू करायचेस. सोळा शनिवार."

"मला कांदा चिरता येत नाही. डोळ्यांत..."

"मग रड," ती म्हणाली, आणि चाक निखळलेली ती जड बॅग तिने त्याच्या हातात दिली.