उसना उजेड

घरातली वीज गेली तेव्हा भाचीच्या मोबाइलवर तिच्याच फोटोमागे वीज कडाडत होती.

"मामा, बघा ना, कसलं भारी आलंय! अजून जरा धुकं टाकू?"

मामांचा फोटो स्टुडिओ होता. असल्या विजा त्यांनी लोकांच्या लग्नांतसुद्धा पाडल्या होत्या. त्यांनी फोन घेतला, पाहिला आणि गच्चीच्या कठड्यावर पालथा ठेवला.

"टाक धुकं. चंद्र टाक, वादळ टाक. फक्त आपल्या घरातलं काही उचलून दुसऱ्याच्या घरात चिकटवू नकोस."

"झालं! मामांची गोष्ट सुरू," भाचा म्हणाला आणि बहिणीच्या जवळ सरकला.

"गोष्ट नाही रे. माझ्याकडे एक बाई एडिटिंगचं काम करायची, तिच्या बाबतीत घडलेलं आहे. ती इथेच राहते, तेव्हा नाव विचारायचं नाही."

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार होता. संध्याकाळी मामा पेन ड्राइव्ह द्यायला तिच्या घरी गेले. काम नेहमीचंच. हमरस्त्यालगतचं एक दुमजली घर, बरीच वर्षं बंद पडलेलं. एकाने ते लॉज काढायला घेतलं होतं. भर दुपारी काढलेल्या त्या घराच्या फोटोची त्याला रात्र करून हवी होती. काळंकुट्ट आभाळ, खिडक्यांत पिवळा उजेड. जाणाऱ्याने गाडी थांबवलीच पाहिजे, असं.

"उद्या दिलंस तरी चालेल," मामा म्हणाले.

"नको काका, रात्रीच बसते. हा जागा असला की माझ्याआधी कीबोर्डवर हाच बसतो."

हा म्हणजे तिचा दीड वर्षाचा मुलगा. तो झाल्यापासून तिला कशाचीही भीती वाटायची. शर्टाच्या बटणाची, उशीची, उघड्या दाराची. तो रडला तर का रडला आणि नाही रडला तर का नाही रडला. नवरा रात्रपाळीला गेला की दर थोड्या वेळाने ती आतल्या खोलीत जाऊन पोराच्या नाकाखाली बोट धरायची. मग स्वतःलाच हसायची आणि तरी पुन्हा जायची.

त्या रात्री पोर लवकर झोपलं. तिने ऊन विझवलं, आभाळ निळंकाळं केलं, ढग चढवले. मग एकेका खिडकीत उजेड रंगवत गेली. सगळं जमलं, पण वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी काही केल्या खरी वाटेना. रंगवलेला उजेड रंगवलेलाच दिसत होता. खऱ्या उजेडाला पडद्याच्या चुण्या लागतात, मागे कुणीतरी राहत असल्याची ऊब लागते.

ती मोबाइल घेऊन अंगणात उतरली. पोराच्या खोलीत त्याच्या उशाशी छोटा दिवा चालू होता. पडदा ओढलेला. तिने त्या खिडकीचा फोटो काढला, कापला आणि त्या घरात नेऊन बसवला.

मापाने शिवल्यासारखा बसला.

एकदम ते घर जागं वाटायला लागलं. तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली. आणि मग तिला तळमजल्यावरच्या खिडकीत एक काळा डाग दिसला.

लेन्सवरची धूळ असेल, असं म्हणून तिने फोटो मोठा केला. डागाला खांदे होते. मान होती. तिने दुपारचा मूळ फोटो उघडला. तिथे काहीच नव्हतं. माझाच ब्रश घसरला असेल, आजकाल माझं डोकं तरी कुठे ठिकाणावर असतं, असं म्हणत तिने डाग पुसला आणि पोराला बघून आली.

परत येते तो डाग जिन्याच्या खिडकीत.

तिने मामांना फोन लावला.

"काका, झोपला होतात?"

"नाही गं, भरतनाट्यम करत होतो. काय झालं?"

"त्या घरात कुणी राहतं का हो?"

"राहणार कुठे? छत गळतंय, जिना कोसळलाय. वर जायला वाट नाही. का गं?"

"जिन्यात... कुणीतरी आहे."

"झोप आता. डोळे थकलेत तुझे."

तिने फोन ठेवला. डाग पुसला. पुसताना नजर हलवली नाही. पापणीसुद्धा नाही. पण डोळ्यांत पाणी आलं... आणि पापणी मिटलीच.

तो वर आला होता. कोपऱ्यातल्या खिडकीच्या शेजारच्या खिडकीत. आता तो समोर बघत नव्हता. बाजूला वळला होता. तिच्या पडद्याकडे.

त्या घरात वर पोचायला त्याला जिना नव्हता, तरी तो पोचला होता. आणि पुढे... पुढे तिच्या पोराची खोली होती. तिनेच नेऊन बसवलेली.

तिने ती खिडकी निवडली. डिलीट दाबलं.

कॉम्प्युटर अडकला. गोल चक्र फिरत राहिलं.

स्क्रीनवरचा पडदा हलला.

आणि आत, पोराच्या खोलीत, पडद्याच्या कड्या वाजल्या.

ती धावली...

"मग?" भाचीचा आवाज इतका बारीक होता की तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मग काही नाही. दिवा चालू होता. खिडकी आतून बंद. पोर गाढ झोपलेलं. नाकाखाली बोट धरलं, श्वास गरम होता. त्याला खांद्यावर टाकून ती बाहेर आली तोवर कॉम्प्युटर चालू झाला होता. कोपऱ्यातली खिडकी काळी. डाग कुठेच नाही. सोमवारी तिने हे सगळं मामांना हसत हसत सांगितलं. मामाही हसले.

पोर वाढलं. गुणी निघालं. रडणं नाही, हट्ट नाही. पहिलीत गेलं तेव्हा वर्गाचा फोटो काढायला शाळेने मामांनाच बोलावलं. मैदानात सकाळचं तिरपं ऊन होतं. रात्री फोटो मोठा करून बघताना मामांचा हात थांबला.

सगळ्या पोरांच्या सावल्या डावीकडे पडल्या होत्या. कडेला उभ्या असलेल्या त्या एकाची उजवीकडे. उन्हाच्या दिशेला.

दुसऱ्या फोटोतून माणूस उचलून चिकटवला की ही चूक हमखास होते. नवशिके सावली फिरवायला विसरतात. पण हा फोटो कुणी चिकटवलेला नव्हता. मामांनी स्वतः काढलेला होता.

दोन दिवसांनी ती पोराला घेऊन तिची प्रत न्यायला आली. बराच वेळ फोटो बघत राहिली.

"काका, यात काही केलंय का तुम्ही?"

"नाही गं. आहे तसाच आहे."

पोर तिचा पदर ओढत होतं, "चल ना आई." तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला, फोटो पर्समध्ये ठेवला.

बाहेर लख्ख ऊन होतं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

दारातच तिने मोठी काळी छत्री उघडली, पोरावर नीट धरली आणि मगच त्याला उन्हात उतरू दिलं.