कुंपण मोजणारा माणूस

चष्म्याच्या दुकानाची किल्ली घरी राहिली म्हणून ती अर्ध्या वाटेतून परत फिरली. फाटक ढकललं, तर परसात एक अनोळखी माणूस गुडघ्यांवर बसून त्यांचं कुंपण मोजत होता.

कानावर पेन्सिल, हातात टेप, मातीत उघडी पडलेली वही. ती दबक्या पावलांनी जाऊन त्याच्या मागे उभी राहिली.

"किती भरलं?"

तो दचकला. टेप सर्रकन आत गेली. "अं... चौदा फूट."

"बरं. आणि तुम्ही कोण?"

"सुतार."

"आम्ही सुतार बोलावलेला नाही."

"नाही, म्हणजे तसा कामाला नाही आलो. बागवाल्या मंडळींत नवीन आहे मी. काकू म्हणाल्या, बाग बघून जा."

"बाग बघायला टेप लागते?"

त्यानं टेपकडे जरा अपराधी नजरेनं पाहिलं. "सवय हो. काही आवडलं की मोजावंसं वाटतं."

तिनं पायाशी असलेलं इवलं रोप दाखवलं. "हे कसलं?"

"मिरची."

"वांगं."

"लहानपणी सारखीच दिसत असतील."

"नाही दिसत," ती म्हणाली.

तो हसला. त्याच्या डाव्या भुवईत लाकडाचा भुसा अडकला होता. तो आपल्याला दिसला, आणि झटकावासाही वाटला, याचाच तिला राग आला. किल्ली घेऊन ती तरातरा निघाली. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं, तर तो अजून फाटकाशी उभा राहून तिच्याकडेच बघत होता.

दुकानात दिवसभर ती लोकांचे डोळे तपासत राहिली, आणि डोक्यात मात्र चौदा फूट घोळत राहिले.

तिला फौजदार म्हणायचे सगळे. बागवाल्या मंडळींनीच हे नाव पाडलं होतं. खताचं पोतं वजनाला कमी भरलं, कुणाच्या कुंडीतली फांदी गुपचूप खुडली गेली, की चौकशी तिच्याकडे. आई गेल्यापासून आत्यानं तिला वाढवलं होतं. घर आत्याचं, परस आत्याचं, आणि दर शनिवारी सकाळी ओट्यावर जमणारी मंडळीही आत्याचीच.

"आत्या, तो सुतार कोण गं?" संध्याकाळी तिनं विचारलं.

"आहे एक. भला आहे." आत्या तिच्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत म्हणाली. हल्ली आत्याचं हे असंच चाललं होतं. बोलताना नजर द्यायची नाही. "ते राहू दे. तुझ्या त्या मोठ्या शहरातल्या शिक्षणाचं काय झालं? कळवलंस का त्यांना?"

"सहा महिने तुला एकटीला टाकून जाऊ?"

"मी काय कुकुलं बाळ आहे? जा तू. लवकर जा."

एक माणूस कुंपण मोजतो, आणि आत्या तिला घराबाहेर काढायला निघते. कुठंतरी पाणी मुरत होतं.

शनिवारी मंडळी जमली. उन्हाळ्याच्या सुरुवातीचे दिवस म्हणजे बागवाल्यांची पळापळ, त्यामुळे बातम्यांना तोटा नव्हता. पोस्टमास्तरांनी (निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी ते पोस्टमास्तरच) वाफ्यांवर पालापाचोळा अंथरला होता, आणि आता एकदाच पाणी पुरतं म्हणून खुशीत होते. टोमॅटोवहिनींच्या टोमॅटोंना रंग चढू लागला होता. त्यांनी वाटीभर बरोबर आणलेच होते. गुलाबावर मावा पडलाय, हिरवी जाळी कुठं चांगली मिळते, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्यात कावळा आंघोळ करून जातो... एकेकाचं सांगून होत होतं. आत्यानं वाटीतला एक टोमॅटो उचलून नाकाशी धरला. "काय सुरेख पिकलेत," ती म्हणाली.

मग सुताराची पाळी आली.

"माझ्याकडे... ठीक आहे सगळं."

"ठीक म्हणजे?" फौजदारानं विचारलं. "काय काय लावलंय?"

"असंच. हिरवं."

पोस्टमास्तर खो खो हसले. आत्या मात्र घाईनं म्हणाली, "अगं, नवा आहे तो. छळू नकोस."

मंडळी पांगली, तरी सुतार रेंगाळला. ती कपबशा उचलत होती. तो मदतीला वाकला, आणि एकाच बशीवर दोघांचे हात पडले. कुणीच लगेच सोडेना.

"तुमची पेन्सिल राहिली होती परवा," ती म्हणाली. "त्याआधी तो काटकोन बघायचा गुण्या. काल टोपी. इतका विसराळू माणूस करवत कशी चालवतो?"

"करवत चालवताना लक्ष असतं."

"आणि इथं?"

"इथं... दुसरीकडे जातं."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ऊन फार होतं त्या दिवशी, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि बशी ओढून घेतली. गोड बोलणारा माणूस जास्त धोक्याचा. दुकानात फ्रेम खपवताना ती स्वतःही गोडच बोलायची.

सोमवारी तिची सुट्टी होती. ती थेट त्याच्या कारखान्यावर गेली. लांबट खोली, छपराला दोन काचा, सगळीकडे ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास. तो मागच्या बाजूला लाकूड उतरवून घेत होता. बाग सोडाच, उंबऱ्याशी एक कुंडीसुद्धा नव्हती. आणि समोरच्या भिंतीवर चार खिळ्यांनी ठोकलेला एक मोठा कागद होता. त्यावर तिचं घर होतं. ओटा, विहीर, काकडीचा मांडव, मोगऱ्याची रांग. प्रत्येक रेघेपुढे आकडा. मधून जाणारी एक जाड लाल रेघ परसाचे सरळ दोन तुकडे करत होती.

"तुम्ही इथं?" तो मागून म्हणाला. त्याचा आवाज आधी खुलला आणि मग तिची नजर कुठं आहे ते पाहून विझला.

"तुमच्याकडे बाग नाही."

"नाही."

"मग आमच्या बागेचे तुकडे कुणासाठी पाडताय? कोण घेतंय आमचं घर?"

"कुणीही नाही. शप्पथ."

"मग हे काय आहे?"

तो बोटांना लागलेला भुसा चोळत राहिला. "आठ दिवस थांबाल? नंतर सगळं सांगतो."

"मुदत लबाड माणूस मागतो."

"किंवा ज्यानं कुणाला शब्द दिलाय तो."

"कुणाला?"

त्यानं मान हलवली. "काहीही समजा मला. चोर समजा. फक्त आठ दिवस."

हा माणूस खोटं बोलत असता, तर याहून बरं काही बोलला असता, असं तिला क्षणभर वाटून गेलं. पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

घरी येऊन ती आत्याला म्हणाली, "त्या माणसाला यापुढे परसात पाऊल टाकू द्यायचं नाही."

"हे घर माझं आहे," आत्या म्हणाली. "इथं कोण येणार ते मी ठरवीन."

इतक्या वर्षांत आत्यानं 'माझं घर' हे शब्द तिच्यासमोर कधी उच्चारले नव्हते. दोघी मुकाट्यानं जेवल्या. उठताना आत्याचा हात लागून पाण्याचा पेला कलंडला. तीही चिडली असेल, असं समजून तिनं पाणी पुसलं आणि खोलीत निघून गेली.

पुढचे चार दिवस तिनं डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. शेजारणीला विचारलं, तर सुतार रोज दहाला येतो, ती निघाली की पाचच मिनिटांनी. ठोकाठोक ऐकू येते. मधेच आत्या हसते. संध्याकाळी परसात पाहावं, तर कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं असायचं. उचलून बघायला हात शिवशिवायचा, पण आत्या पाठीशी येऊन उभी राहायची.

शुक्रवारी दुकानातली वीज गेली, ती दुपारपर्यंत येणार नाही असं कळलं. मालकांनी सगळ्यांना घरी पाठवलं. ती निघाली, आणि फाटकाची कडी वाजू न देता आत शिरली.

परसाच्या मधोमध, ओट्यापासून विहिरीपर्यंत, कमरेइतक्या उंचीचा लाकडी कठडा उभा होता. कागदावर जिथं लाल रेघ होती, बरोबर तिथं. आत्या त्यावरून हात सरकवत सावकाश चालली होती. सुतार दुसऱ्या टोकाला उभा होता, श्वास रोखून.

आत्या थांबली. बोटांनी लाकूड चाचपलं. "तीन खाचा. म्हणजे काकडी. सांगू नकोस."

ती उजवीकडे वाकली, पानं सारली आणि एक कोवळी काकडी अलगद तोडली. मग सुतारानं कठड्यावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्याकडे तिनं हात नेला. पेला अगदी तिच्या नाकासमोर होता. हात वीतभर बाजूला पडला. तिनं मान जराशी वळवली, पेल्याच्या कडेला कुठंतरी पाहिलं, आणि मग तो तिला सापडला.

फाटकाशी उभ्या असलेल्या भाचीनं ते पाहिलं.

अशी वळलेली मान ती दुकानात महिन्यातून चार-पाचदा बघायची. नजरेचा मधला भाग गेला की माणसं कडेनं बघायला शिकतात. तिनं किती जणांना चिठ्ठी लिहून मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं होतं. आणि घरी कानाच्या बाजूला बघणारी आत्या, सुई ओवून मागणारी आत्या, सोमवारी पेला सांडणारी आत्या... त्याचा अर्थ तिनं काय काय लावला होता.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

आत्यानं आवाजाकडे तोंड वळवलं. नाकारायचा प्रयत्न तिनं केला नाही. "वर्ष होईल. मोठ्या डॉक्टरांना दाखवलंय. गेलं ते येणार नाही म्हणाले, उरलंय ते सांभाळायचं. हाच घेऊन जातो मला. मी काठी करून घ्यायला गेले होते त्याच्याकडे. म्हणाला, काठीनं रस्ता सापडेल, वाफे कसे सापडतील?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस का शिकायला?" आत्या कठड्याला धरून तिच्याजवळ आली. "मला माझी बाग एकटीनं करता येते, हे तुला दाखवायचं होतं. आधी कठडा, मग बातमी, असं ठरवलं होतं मी. त्याच्याकडून वचन घेतलं. तुझ्या तोंडून लबाड ऐकलं तरी बोलला नाही बिचारा."

ती आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. खूप वेळ. आत्या तिचे केस चाचपत राहिली. केव्हातरी सुतार हत्यारं गोळा करून फाटकाकडे निघाला, तेव्हा ती त्याच्या मागे धावली.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "रोज वाटायचं. कारखान्यात आलात त्या दिवशी तर जिभेवर आलं होतं."

"मी तुम्हाला काय काय बोलले."

"ते ऐकायलाच तर टोपी विसरायचो." एवढं बोलून तो इतका गोंधळला, की फाटक उलट्या बाजूला ढकलत राहिला. शेवटी तिनंच ते उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मंडळी ओट्यावर टेकली. पोस्टमास्तरांच्या दुधीला पहिलं फूल आलं होतं. गुलाबावरचा मावा साबणाच्या पाण्यानं आटोक्यात आला होता. मग आत्या म्हणाली, "माझ्याकडची बातमी. मोगऱ्याला कळ्या भरपूर आहेत. काकडी सुरू झाली. आणि माझे डोळे जवळजवळ गेलेत."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. टोमॅटोवहिनींनी मात्र पदर सावरत विचारलं, "म्हणजे गेल्या शनिवारी माझे टोमॅटो सुरेख पिकलेत म्हणालात, ते उगाच?"

"वास घेतला होता ना."

"मग हरकत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि डोळे टिपत त्यांनी वाटी आत्याच्या हातात दिली. मग सगळे एकदम बोलू लागले. मंगळवारी कोण येणार, गुरुवारी कोण, डॉक्टरांकडे गाडी कुणाची. आत्या 'मला येतं, मला येतं' म्हणत राहिली, पण ऐकतंय कोण.

तेवढ्यात फौजदार उठून परसात गेली. आपल्यामागे कोण येणार, हे तिला ठाऊक होतं. काकडीच्या वाफ्यात तिनं नळी सोडली आणि पाणी पसरताना बघत राहिली.

"तुमची बातमी राहिली," मागं न वळता ती म्हणाली.

"माझ्याकडे बाग नाही."

"ती जुनी झाली."

"नवी अशी की..." तो थांबला. कठड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "तुम्ही आवडता मला. त्या किल्लीच्या दिवसापासून. वांग्यापासून."

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं, नेहमीसारखंच, संशयानं, वरपासून खालपर्यंत. तो नजर न चुकवता उभा राहिला.

"मी जातेय सहा महिन्यांसाठी," ती म्हणाली. "काल रात्री कळवलं. आत्यासारख्या माणसांनी उरलेल्या नजरेवर कसं चालवून घ्यायचं, ते शिकायचंय मला."

"जा ना."

"इतक्या झटकन? जरा तरी वेळ लावायचा."

त्यानं खरोखरच वेळ लावला. मातीकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"जाऊ नका असं म्हणावंसं वाटतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "पण जा. फक्त तिथं कुणी कुंपण मोजताना दिसलं, तर थांबून विचारू नका."

ती हसली. मग हात पुढे करून तिनं त्याच्या कपाळावरचा घाम बोटांनी टिपला, आणि हात मागे घ्यायचं राहूनच गेलं. वाफा भरून पाणी वाटेवर आलं, दोघांच्या चपला भिजल्या.

"पाणी वाहून चाललंय," ओट्यावरून आत्याचा आवाज आला. "ऐकू येतंय मला. नळ बंद करा कुणीतरी."

"हो आत्या," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.