चोवीस पायऱ्या

“जिन्याखाली माणूस राहणार नाही. तिथे कापडाचे तागे.”

भावाच्या रिकाम्या डब्यातून निघालेली ती चिठ्ठी ताईने तीनदा वाचली, आणि हातातलं खोडरबर घरंगळत खाली गेलं तरी तिला भान राहिलं नाही... तागे! ताग्यांना त्या घरात जागा होती, आणि तिला नव्हती!

आता ही ताई म्हणजे बांधकामाच्या कचेरीत पंचवीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढणारी बाई. लोकांना ऐसपैस दालनं काढून द्यायची आणि स्वतः मात्र भाड्याच्या घरात, इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत, भर दुपारी दिवा लावून दिवस काढायचे! आईवडील गेले तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता. पुढे एक स्थळ चालून आलं, मुलगा तिच्या मनातही भरला होता; पण “भावाला कुठे ठेवणार?” एवढं त्यांनी विचारलं आणि हिने मुकाट्याने चहाचे कप उचलले. त्या विषयावर पुन्हा चकार शब्द नाही. भाऊ शिकून शिंपी झाला, दुकान नावारूपाला आलं, त्याचं लग्न झालं, आणि आता कुठे बहीण-भावाने मिळून जमिनीचा एक तुकडा घेतला होता... एवढासा, पण स्वतःचा!

पहिला नकाशा तिने किती हौसेने काढला होता! खाली पुढे शिवणाची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून तिची चिमुकली खोली. वरची मोठी, चार खिडक्यांची खोली अर्थातच नवराबायकोची. आणि जिना? तो साडेसात इंचांच्या सोळा पायऱ्यांचा, कोपऱ्यात अंग चोरून उभा.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. शाळांच्या गणवेशांची घाई होती. भाऊ पहाटे जायचा तो सगळे निजल्यावर यायचा, म्हणून त्याचे निरोप डब्यातून यायचे. पहिली चिठ्ठी आली, “पायरी पाच इंच. एक सूतही जास्त नको.” ताई चक्रावलीच. पाच इंच? घरात काय हत्ती चढवायचाय? पण माप म्हणजे माप. ‘का’ न विचारता रेघा ओढण्यात तिची हयात गेलेली. दहा फूट उंचीला सोळाच्या चोवीस पायऱ्या झाल्या. दुसरी चिठ्ठी आली, “पायरी रुंद हवी, पाऊल पुरतं टेकलं पाहिजे.” जिना आणखी पसरला. तिसरी, “मध्यावर बसता येईल एवढी जागा.” जिन्यात बसून करायचं काय, हे त्यालाच ठाऊक! चौथी, “कठडा एकतीस इंच.” येईल ती चिठ्ठी ती नकाशाच्या फळ्यावर टाचणीने लावून ठेवायची, आणि चिठ्ठीगणिक तो मेला जिना तिच्या खोलीचा एकेक घास घ्यायचा. आधी कपाट गेलं, मग खिडकी, मग खाट.

तिला काही उमगेना. तिने भावजयीला आडून विचारून पाहिलं, तर ती पोळपाटावरून मानही वर न करता हसली. “अहो ताई, हौस आहे त्यांना. करू द्या की!” हौस? सख्ख्या बहिणीला घराबाहेर काढायची हौस? छे छे, माझा भाऊ तसा नाही... मग हे काय आहे? उद्या मुलंबाळं होतील, लहान पावलांसाठी असेल... की माझीच अडचण होतेय आणि तोंडावर सांगवत नाही त्याला? त्या चार दिवसांत तिचं मन हजारदा इकडचं तिकडे झालं. अलीकडे चढताना उजवा गुडघा जीव खायचा, तेही तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. आता काळजाचं दुखणं कुणाला सांगणार?

शेवटी तिने जिन्याखाली तुटक रेघेने एक खाट काढली होती. जन्म जिन्याखाली गेला, उरलाही जाईल, त्यात काय! आणि भावाने तो नकाशा पाहण्याआधीच आज नेमकी ही चिठ्ठी आली होती.

ताईने डोळे पुसले, खाली वाकून खोडरबर शोधलं, आणि ती खाटही खोडून टाकली.

सुटीच्या सकाळी तिने नकाशा भावापुढे ठेवला. “झाला बघ. सही कर. आणि हो... पुढच्या महिन्यापासून मी कचेरीजवळच्या बायकांच्या वसतिगृहात राहीन. नाव घातलंय.”

भावाच्या हातातला कप हातातच राहिला. “वसतिगृहात? का?”

“जागा नाही म्हणून! रुसून नाही रे चाललेय, चांगल्या मनाने चाललेय. तुमचा संसार सुखाचा होवो...” आणि इतके दिवस आवरून धरलेला हुंदका फुटलाच. “पण एकदा तोंडाने सांगायचं होतंस रे, ताई, तू नकोस! असं एकेका पायरीने कशाला हाकललंस मला?”

“मी? तुला?” भाऊ खुळ्यासारखा बघतच राहिला. “अगं, जिना कुणासाठी आहे ते सगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिलंय की!”

“काय लिहिलंय? पाच इंच, एकतीस इंच, तागे!”

“नाव लिहिलंय!”

“कुठे आहे नाव?”

भावजय पलीकडे बसून ऐकत होती. ती उठली, फळ्यापाशी गेली, टाचणी उपसून तिने पहिली चिठ्ठी उलटी केली. मागे लिहिलं होतं, “ताई.” दुसरी उलटी केली. “ताई.” तिसरी, चौथी, पाचवी... सगळ्यांच्या पाठीवर तेच!

ताईने पहिली चिठ्ठी हातात घेतली आणि तिला आठवलं. भाऊ नुकता कात्री धरायला शिकत होता, तेव्हा दुकानातल्या एका जाड्या गिऱ्हाइकाची मापं चिठ्ठीवर वाचून बाकीचे फिदीफिदी हसले होते. त्या दिवशी तिनेच त्याला बजावलं होतं, “माप पुढे लिही, नाव मागे. कुणाच्या अंगाचं हसं व्हायला नको.” तो ते वीस वर्षं पाळत आला होता, आणि ती साफ विसरली होती!

“गुडघ्याचं नाव काढलं असतं तर तू मला उभं केलं असतंस?” भाऊ म्हणाला. “सगळीकडे चढताना तू काही ना काही धरतेस. फक्त दुकानाच्या पायरीवर धरत नाहीस. मी टेप लावली, पाच इंच भरली. कठड्याला काय, तुझ्या हाताचं माप मला पाठच आहे.”

“अरे वेड्या, पण गुडघा दुखतो तर मला खालीच ठेवायचंस ना!”

“खाली?” तो तिच्या पायाशी येऊन बसला. “जन्मभर लोकांचे पाय डोक्यावर ऐकलेस, ताई. वरून कुणी धाडधाड उतरलं की तू माझे कान झाकायचीस आणि म्हणायचीस, एक दिवस आपण वर राहू, उजेडात. वरची खोली तुझी आहे, पहिल्या दिवसापासून! आम्ही दोघं खाली, मशीनपाशी. पण जिन्याखाली आता आपल्यातलं कुणी राहणार नाही... कुणीही नाही!”

ताईने त्याचं डोकं कुशीत ओढून घेतलं. “आणि मी मनातल्या मनात तुझ्यावर काय काय आळ घेतले रे!”

“आम्ही तरी काय शहाणे!” भावजय पदराने डोळे टिपत हसली. “तुम्ही मुकाट्याने काढताय, म्हणजे पसंत आहे, असंच धरून चाललो.”

वरच्या खोलीत ‘नवरा-बायको’ असं लिहिलेलं होतं. ताईने ते खोडलं आणि पेन्सिल हातात घेतली.

“या वेळी नाव पुढे लिही हं,” भाऊ म्हणाला. “मोठ्या अक्षरात.”

पंचवीस वर्षांत कुठल्या नकाशावर तिने स्वतःला लिहिलं नव्हतं, त्यामुळे अक्षराचा अंदाज चुकला, आणि ‘ताई’मधली ‘ई’ भिंतीची रेघ ओलांडून थेट गच्चीत गेली. खोडरबर हाताशीच होतं. पण तिने ती तशीच राहू दिली.