खिडकीकडे वळलेली खुर्ची

दार उघडलं तेव्हा त्याच्या एका गालावर दाढीचा फेस होता.

"मी रुचिरा. हॉल बघायला आले," ती म्हणाली आणि त्यानं काही विचारायच्या आत चपला काढून आतही शिरली. "मिसेस नाहीत का घरी? फोनवर त्याच बोलल्या होत्या."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं गाल पुसला.

"मिसेस... नाहीत," तो म्हणाला.

रुचिराचं लक्ष केव्हाच हॉलमध्ये गेलं होतं. तिचं कामच ते होतं. वाशीच्या एका शोरूममध्ये लोकांना त्यांच्या घरात न मावणारे सोफे विकून कंटाळल्यावर तिनं पनवेलमध्ये स्वतःचं काम सुरू केलं होतं. नवीन काही विकत घ्यायला लावायचं नाही, घरात आहे तेच सामान नीट मांडून द्यायचं. खांदा कॉलनीतल्या या सोसायटीत आज ती पहिल्यांदाच आली होती.

"हा सोफा इथे कोणी ठेवला?"

"टेम्पोवाल्यांनी."

"आणि मग?"

"मग... तो तिथंच राहिला."

तिला हसू आलं. त्यालाही आलं. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागून. ते आपण बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं घाईघाईनं मान वळवली. तेव्हा तिला कोपऱ्यातली खुर्ची दिसली. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, काळेसावळे, रुंद हाडाचे. समोरचा टीव्ही बंद होता आणि ते त्या बंद टीव्हीकडे बघत होते.

"माझे बाबा," तो हळूच म्हणाला. "उरणजवळच्या मोऱ्याहून मुंबईला प्रवासी लाँच न्यायचे. आई गेली, म्हणून इथे घेऊन आलो. पण इथे आल्यापासून... फारसं बोलत नाहीत."

रुचिरानं खोलीभर नजर फिरवली. दुपार असूनही दिवा लागलेला होता.

"त्या मोठ्या कपाटामागे काय आहे?"

"खिडकी."

"खिडकी! आणि तिच्यापुढे कपाट?"

"दुसरीकडे मावेना."

"मावतं हो. या, त्या बाजूनं धरा."

दोघांनी मिळून कपाट सरकवलं. वाकताना त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि दोघांनीही एकदम "सॉरी" म्हटलं. खिडकीची कडी गंजली होती. त्यानं जोर लावला तशी ती उघडली... आणि डिसेंबरचा गार वारा भसकन आत आला. दूर धुरकट उन्हात कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. रुचिरानं म्हाताऱ्या गृहस्थांना हात देऊन उठवलं, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि त्यांना पुन्हा बसवलं.

वारा थेट त्यांच्या तोंडावर आला. मग त्यांनी हनुवटी वर केली.

"वारा उत्तरेचा हाय," ते म्हणाले.

मुलगा सोफ्याचा हात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं होतं आणि ते लपवायला आता खांद्यावर टॉवेलही नव्हता; कपाट सरकवताना तो खाली पडला होता.

नेमका तेव्हा तिचा फोन वाजला. "मी समृद्धी बोलतेय. अहो, येताय ना? मी केव्हाची बी विंगच्या दारात उभी आहे."

"बी विंग...?" रुचिरानं फोन ठेवला. कानांपर्यंत लाल झाली ती. "ही ए विंग आहे?"

"हो."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"आधी वाटलं, हेतलनं पाठवलंय. माझी बहीण. उरणहून रोज फोन करून या घराला नावं ठेवते."

"आणि तिनं पाठवलं नाही हे कधी कळलं?"

"तुम्ही मिसेस म्हणालात तेव्हा." तो ओशाळून हसला. "माझं लग्न झालेलं नाही."

"पण तरी तुम्ही...?"

"तुम्ही इतक्या मनापासून बोलत होतात... मध्येच तोडावंसं वाटलं नाही. मी भावेश. भावेश कोळी."

ती पर्स उचलून पळालीच. जिन्यात मात्र पाय आपोआप मंदावले.

मग बी विंगमधल्या समृद्धीकडून नंबर मिळवून भावेशचे फोन सुरू झाले. तो बंदरावर क्रेन चालवायचा. एवढाले कंटेनर उचलून बोटभरही न चुकता जागेवर ठेवणारा हा माणूस, त्याला घरातली टीपॉय कुठे ठेवावी ते म्हणे सुचत नव्हतं. रुचिरा यायची. बुधाजी, म्हणजे भावेशचे बाबा, खिडकीतूनच हाक द्यायचे, "आलीस का गो पोरी?" मग भरतीच्या, ओहोटीच्या, धुक्यात वाट चुकलेल्या लाँचच्या गोष्टी निघायच्या.

"हा सोफा परत कोणी हलवला?" एकदा तिनं विचारलं.

"आपोआप सरकला."

"सोफा? आपोआप?"

"फरशी उतरती असेल."

"भावेश..." ती नजर रोखून म्हणाली.

"बरं. मी हलवला. नाहीतर तुम्हाला बोलवायचं काय म्हणून?"

ती सोफा जागेवर ठेवून गेली. पण त्या संध्याकाळी रिक्षातून घरी जाताना वाटेतला प्रत्येक दिवा तिला जरा जास्तच पिवळा, जास्तच मऊ वाटला.

एका रविवारी दोघं मोऱ्याला गेले. बुधाजींना जुन्या घराच्या ओटीवरचं लाकडी बाकडं हवं होतं. धक्क्यावर ओहोटी लागली होती, चिखल चांदीसारखा चमकत होता, एक लाँच मुंबईकडे निघाली होती. बाकडं जड होतं. दोन टोकांना दोघं. रुचिरा उलटी चालत होती.

"मागे बघून चाला," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा ना मागे काय आहे ते."

"दगड आहे... डावीकडून या. आता सरळ. आता..."

"आता काय?"

"आता काही नाही." त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. "अशाच चालत राहा."

खाडीवरून वारा आला. तिची एक बट उडून ओठांवर आली. हात बाकड्यात गुंतलेले, ती कशी सावरणार? तोही कसा सावरणार? दोघं नुसतेच बघत राहिले.

आणि मग जानेवारीत भावेशचा एक निराळाच फोन आला. आवाज कोरडा होता.

"माझी गुजरातच्या बंदरात बदली झालीय. एक वर्ष. बाबांना घेऊन जावं म्हणतो. फ्लॅट भाड्यानं देतोय. लोक बघायला येतील... जरा मांडून द्याल?"

"देईन की," ती म्हणाली. "कामच आहे माझं."

दुसऱ्या दिवशी ती गेली. वाटेत तिनं मनाशी घोकलं होतं, फार बोलायचं नाही, काम करायचं आणि निघायचं. बुधाजी खिडकीशी होते, पण आज त्यांनी हाक दिली नाही. रुचिरा हॉलच्या मधोमध उभी राहिली. कपाट, सोफा, बाकडं... काहीच सुचेना. इथे दुसरं कोणीतरी राहणार. या खिडकीत दुसरंच कोणीतरी बसणार.

"किती माणसं धरून मांडायचं?" तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं.

"तीन."

"नवरा-बायको आणि मूल?"

"नाही. एक म्हातारा आहे. आज सकाळी त्यानं सांगून टाकलं, मी नाय येत कुठं, माना हितंच बरा हाय. एक क्रेनवाला आहे. तो वर्षभर नसेल, नंतर कायम असेल."

रुचिरा त्याच्याकडे वळली. "आणि... भाडेकरू?"

"त्यांना नाही म्हणून कळवलं."

"आणि तिसरं माणूस?"

"तिला अजून विचारलेलं नाही."

"का नाही विचारलं?"

"भीती वाटते. कंटेनर असता तर..." त्यानं मान वर केली. "रुचिरा, तुम्ही या घरात राहाल? सोफा हलवायला नाही. राहायला. माझ्याबरोबर."

तिच्या डोळ्यांतून टपकन थेंब ओघळला. "काल फोनवर भाडेकरू म्हणालात! वाटलं, तुम्हाला काहीच... काहीच वाटत नाही."

"मला वाटलं, तुम्ही थांबा म्हणाल. तुम्ही म्हणालात, कामच आहे माझं."

"थांब असं मी आत्ताही म्हणणार नाही," ती म्हणाली. "जा तू. वर्षभर जा, मन लावून काम कर. बाबांपाशी मी येत जाईन." तुम्हीचं तू केव्हा झालं ते तिला कळलंही नाही. भावेशला मात्र कळलं. "आणि वर्ष संपलं की परत ये. मी राहीन इथे. हो."

तो एक पाऊल पुढे आला. मग थांबला, बाबांकडे बघून.

बुधाजींनी खिडकीबाहेरची नजर काढलीसुद्धा नाही. "झाला का तुमचा बोलून?" ते म्हणाले. "मंग चाय ठेवा कोनीतरी."

दोघंही एकदमच स्वयंपाकघरात गेले. ते इतकं अरुंद होतं की एकानं बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याला ओट्यापर्यंत जाताच येत नसे.

कोणीच बाजूला झालं नाही. चहाला त्या दिवशी बराच उशीर झाला.