दोन सूत सोडा!

"एक... दोन... तीन... ओढ!"

दादाने आणि खिळ्याने दोन बाजूंनी धरून ओढलं. घर्र करत सोफ्याची बैठक पुढे आली, तिच्यामागे पाठ अलगद आडवी झाली, आणि खट्! सोफ्याचा झाला पलंग!

"बघा! कसा मस्त उघडतो!" खिळा ओरडला.

"थांबा. आता मी," आजोबा म्हणाले.

पोरांनी सोफा पुन्हा बंद केला. आजोबांनी काठी भिंतीला टेकवली, डाव्या हाताने पट्टा पकडला आणि ओढला. बैठक चार बोटं पुढे सरकली आणि अडली. आजोबांनी दात-ओठ खाऊन पुन्हा ओढलं. छे! सोफा ढिम्म हलेना!

"तीस वर्षं बस चालवली मी," आजोबा हसत म्हणाले. "भरलेली बस चढणीला लावायचो. आणि आता हा सोफा मला दाद देत नाही! जाऊ दे. उघडा रे पोरांनो."

आजोबा हसले खरे, पण त्यांच्या हसण्यात नेहमीचा गडगडाट नव्हता. शंकाला ते लगेच कळलं. तिला काहीही लगेच कळायचं, आणि कळलं नाही तर ती प्रश्न विचारून विचारून समोरच्याला हैराण करायची. म्हणून तर तिचं नाव शंका पडलं होतं! ती अकरा वर्षांची, आणि तिचा दादा तेरा वर्षांचा. दोघं सुट्टीत मावशीकडे आले होते. मावशीचा मुलगा खिळा शंकाच्याच वयाचा. अंगाने काटकुळा, आणि खिशात सदैव खिळे, स्क्रू आणि एक छोटी पट्टी. सुताराचंच पोर ते! सुतार म्हणजे त्याची आई. खाली मावशीचा कारखाना आणि वर दोन खोल्यांचं घर, असा सगळा संसार होता.

गेल्या वर्षी आजारपणात आजोबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून ते मावशीकडेच राहत होते. पुढच्या खोलीत कायमचा पलंग टाकला तर स्वयंपाकघराचं दार उघडत नव्हतं. म्हणून मावशीने खास त्यांच्यासाठी हा सोफा बनवला होता. एका हाताने, तोही डाव्या हाताने, उघडावा आणि गुडघ्याने ढकलून बंद करावा, असा! पण तो त्यांनाच उघडेना. दुपारी जेवणं झाली की हाक यायची, "अरे, कोणी आहे का तिकडे?" आणि हातातलं काम टाकून कोणीतरी धावायचं. झोप झाली की पुन्हा तेच. रात्रीही तेच.

"कव्हर घट्ट बसलंय हो, बाबा! तुमचा काही दोष नाही," मावशी सांगायची.

"तू माझी समजूत काढतेस," आजोबा म्हणायचे.

आणि आज सकाळी त्यांनी चहा पिता पिता सांगूनच टाकलं होतं, "रविवारी मी वृद्धाश्रमात जातोय. फोन केलाय मी. तिथले पलंग म्हणे कायम उघडेच असतात. कोणाला हाक मारायला नको."

मावशी चहा तसाच टाकून कारखान्यात निघून गेली होती. आज होता शुक्रवार. आजोबा नाहीत आणि सुट्टी आहे, हे शंकाला कल्पनेतसुद्धा सहन होईना.

आजोबा काठी टेकत गॅलरीत गेल्याबरोबर तिने टॉवेल उचलला. "दादा, उजवा हात मागे कर!"

"का?"

"बांधायचाय."

"अगं, मी काय चोर आहे?"

"कर म्हणते ना!"

दादाचा उजवा हात पाठीशी बांधला गेला. मग शंकाने त्याला सोफ्यासमोर उभं केलं. "आता ओढ. आजोबांसारखं, एकट्या डाव्या हाताने."

दादा शाळेच्या कबड्डीच्या संघात होता. त्याने ऐटीत पट्टा ओढला. बैठक चार बोटं पुढे आली... आणि अडली! त्याने पुन्हा ओढलं. चेहरा लालबुंद झाला, पण सोफा जागचा हलेना.

"अरेच्चा!" दादा म्हणाला.

"म्हणजे जोराचा प्रश्नच नाही!" शंकाने टाळी वाजवली. "आपण दोघं दोन बाजूंनी ओढतो, म्हणून बैठक सरळ येते. एकट्याने डावीकडून ओढली की ती तिरकी होते आणि कुठेतरी घासते. पण कुठे?"

"खडू!" खिळा म्हणाला. "आई दार घासतं का बघायला कडेला खडू लावते. जिथला खडू पुसला गेला, तिथे घासतंय!"

दोन मिनिटांत बैठकीच्या दोन्ही कडा पांढऱ्याफटक झाल्या. दादाने पुन्हा ओढलं. तिघंही गुडघ्यांवर बसून बघू लागले. उजव्या कडेचा खडू जसाच्या तसा! डाव्या कडेचा मात्र पुसला गेला होता, आणि सोफ्याच्या डाव्या हाताच्या आतल्या कापडावर पांढरा पट्टा उमटला होता.

"आजोबांचा उजवा हात बिघडलाय, आणि सोफ्याचा डावा!" दादा म्हणाला.

"गप रे! हे काय आहे बघ!" शंकाने बोट दाखवलं.

बरोबर त्या पट्ट्याच्या वर, शिवणीतून, दोन लाल धागे लोंबत होते. वीतभर लांब, अगदी सारखे कापलेले. टोकाला नीट गाठ.

"शिवणाऱ्याचे राहिले असतील," दादा म्हणाला.

"आख्खं कव्हर निळं, आणि धागे लाल? आणि राहिलेल्या धाग्याला कोणी गाठ मारतं का?"

खिळा डोकं खाजवत म्हणाला, "आधीच्या वेळीपण होते. पांढरे होते तेव्हा. आईने कापून टाकले आणि कव्हर परत पाठवलं. मग हे लाल आले."

"बघ! यात काहीतरी आहे!" शंकाचे डोळे चमकले.

"झालं! सुतावरून स्वर्ग गाठायला निघाली!" दादाने कपाळावर हात मारला.

तिघं धडाधडा जिना उतरून कारखान्यात गेले. मावशी एका फळीला रंधा मारत होती. केसांत भुसा, कानावर पेन्सिल. खडूची हकिगत ऐकून तिने रंधा खाली ठेवला.

"मला ठाऊक आहे तिथे घासतंय ते! बैठक डावीकडे तिरकी होणार, हे धरूनच चाललेय मी. कारखान्यात नुसत्या लाकडावर लोण्यासारखा उघडत होता सोफा. म्हणून तर गादीकाकांना चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, डावीकडे दोन सूत सोडा. एकदा नाही, दोनदा लिहिलं!"

"सूत म्हणजे?" शंकाने विचारलं.

"इंचाचे आठ भाग कर. त्यातला एक भाग म्हणजे एक सूत," खिळ्याने ऐटीत पट्टी काढून दाखवली. "दोन सूत म्हणजे पाव इंच."

"मग त्यांनी ते का नाही सोडलं?"

"मुद्दाम!" मावशी कडाडली. "दुसरं काय? भांडणाचं उट्टं काढताहेत!"

मावशीच्या सोफ्या-खुर्च्यांच्या गाद्या आणि कव्हरं गादीकाका शिवायचे, आणि दोघांचं हे भांडण अख्ख्या गल्लीला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी गादीकाका गिऱ्हाइकासमोर म्हणाले होते, "हिची खुर्ची बघायला छान, बसायला नाही!" त्यावर मावशी म्हणाली होती, "तुमच्या गाद्या टाकल्या तर कसं बसवेल?" झालं! तेव्हापासून बोलणं बंद. त्याआधी मावशी स्वतः दुकानात जायची, कापडावर बोट ठेवून "इथे एवढं" म्हणून दाखवायची. आता सगळा कारभार चिठ्ठ्यांवर.

"तू जाऊन विचार ना!" शंका म्हणाली.

"मी? त्यांच्या दारात? मुळीच नाही! पुढच्या महिन्यात दुसरा गादीवाला बघते."

"पण रविवार परवा आहे, मावशी!"

मावशीने तोंड फिरवलं आणि रंधा उचलला. पण तो फळीवर चालेना. तिचे डोळे भरले होते.

गल्लीच्या टोकाला गादीकाकांचं दुकान होतं. बाहेर उभं राहून तिघांनी बेत ठरवला. दादा गिऱ्हाईक होणार, त्याच्या आडोशाने शंका चिठ्ठी शोधणार. खिळ्याला काका ओळखत होते, म्हणून तो मागच्या दाराने शिरून कापसाच्या गठ्ठ्यामागे लपणार आणि धोका दिसला तर खोकणार.

"काका, एक उशी शिवायची होती," दादाने आवाज जाड करून सांगितलं.

गादीकाका म्हणजे पांढऱ्या मिशा, गळ्यात टेप आणि मिशीत अडकलेला कापूस. "केवढी?"

"डोक्याएवढी."

"कोणाच्या?"

दादा स्वतःचं डोकं चाचपू लागला. तेवढ्यात शंकाला भिंतीवरच्या मोठ्या खिळ्याला खोचलेल्या चिठ्ठ्या दिसल्या. ती चवड्यांवर उभी राहिली. मावशीचं अक्षर! 'डावीकडे दोन सूत सोडा.' आणि खाली दुसरी, ठसठशीत अक्षरांत, 'डावीकडे दोन सूत सोडा!!!'

"आक्... आक्छी!"

कापसाच्या गठ्ठ्यामागून खिळा बाहेर पडला. नाकावर कापूस, भुवयांवर कापूस, वयाने एकदम सत्तर वर्षांचा!

"अरे, हा तर सुतारबाईंचा पोरगा! आणि ही कोण? चिठ्ठ्या चोरतेस?"

दादा दाराकडे सरकला. शंका मात्र तिथेच उभी राहिली. "चोरत नाही, काका, वाचतेय. मावशीने एवढं लिहूनसुद्धा तुम्ही मुद्दाम दोन सूत का नाही सोडलं? आमचे आजोबा रविवारी वृद्धाश्रमात चाललेत, तुमच्यामुळे!"

"माझ्यामुळे?" काकांच्या मिशा थरथरल्या. "मी नाही सोडली? मी? चाळीस वर्षांत असलं खूळ कुणी सांगितलं नव्हतं, तरी मुकाट्याने सोडली की! पहिल्यांदा पांढरी सोडली. कव्हर परत आलं, वर पुन्हा तीच चिठ्ठी. म्हटलं, बाईंना दिसली नसतील. म्हणून लाल सोडली, गाठ मारून! आणखी काय करू? घुंगरू बांधू?"

शंकाने दादाकडे पाहिलं. दादाने खिळ्याकडे पाहिलं.

"काका," शंका अगदी हळू म्हणाली, "दोन सूत म्हणजे काय?"

"म्हणजे दोन धागे! खरं तर 'दोन सुतं' लिहायला हवं होतं. व्याकरण कच्चं आहे तुझ्या मावशीचं!"

खिळा मट्कन गादीवर बसला.

"तुम्ही माप कशात घेता, काका?" शंकाने विचारलं.

"मोठं असेल तर टेपने. बारीक असेल तर बोटाने. एक बोट, अर्धं बोट. का?"

शंकाच्या जिभेवर सगळं आलं होतं, पण हे मावशीनेच येऊन सांगायला हवं, म्हणून तिने ते गिळलं. तिने पहिली चिठ्ठी काढून उलटी केली आणि पेन्सिल पुढे धरली. "तुम्ही जे सोडलंत त्याचं इथे चित्र काढून द्या. बस्, एवढंच!"

काकांनी कुरकुरत चित्र काढलं. सोफ्याचा हात, आणि त्यावरून लोंबणारे दोन धागे. गाठीसकट!

तिघं सुसाट पळत सुटले. मावशीने चिठ्ठीची एक बाजू वाचली. मग दुसरी बाजू बघितली. मग पुन्हा पहिली.

"धागे?" ती पुटपुटली. "अगं बाई! ते धागे... मी म्हटलं, चिडवायला लावलेत... आणि कापून टाकले!" ती हसायला लागली. हसता हसता भुशाच्या पोत्यावर बसली, हसता हसताच डोळे पुसले, आणि उठून तशीच, केसांत भुसा घेऊन, गल्लीतून धावत सुटली.

दुकानाच्या दारात ती थांबली. काका मान खाली घालून शिवत होते.

"काका, सूत म्हणजे एवढं," तिने खिळ्याची पट्टी पुढे केली. "चूक माझी आहे. मी येऊन दाखवायला हवं होतं."

काकांनी पट्टीकडे बघितलं, स्वतःच्या बोटाकडे बघितलं. "म्हणजे अर्ध्या बोटाहून कमी? एवढ्याशासाठी एवढा घोळ..." मग ते ताडकन उठले. "माझी काय कमी चूक आहे? न कळलेलं विचारायला तोंड नव्हतं का मला? चल, दाभण घेतो! आत्ताच्या आत्ता करू!"

शनिवारी दुपारी बारापर्यंत काम उरकलं. डाव्या हातावरचा फोम पाव इंचाने कमी झाला, कव्हर पुन्हा चढलं. आजोबांना सोफ्यासमोर उभं केलं गेलं. सगळे भिंतीला चिकटून उभे होते.

"उगीच तमाशा," आजोबा म्हणाले. त्यांनी पट्टा धरला. चार बोटं... शंकाने डोळे घट्ट मिटले.

घर्र... खट्!

तिने डोळे उघडले. समोर पलंग होता! आजोबा हातातल्या पट्ट्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी गुडघ्याने सोफा बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा बंद केला. पाचव्यांदा उघडल्यावर ते गडगडाटी हसले, अगदी पूर्वीसारखं. "टिंग टिंग! डबल बेल! गाडी सुटली!"

"हे सगळं या पोरांमुळे," गादीकाका म्हणाले. "आम्ही दोघं जाणते, चाळीस आणि वीस वर्षांचा अनुभव, आणि चूक सापडली कोणाला? या प्रश्नवालीला! शाब्बास गं पोरी!"

"आणि खडू माझा!" खिळा म्हणाला.

"आणि बांधून मला घातलं होतं, ते विसरू नका!" दादा म्हणाला. "पण शंके, मान गये! खरंच सुतावरून गाठलास की स्वर्ग!"

"आणि यांचंही सूत जुळलं एकदाचं," आजोबांनी मावशी आणि काकांकडे बोट केलं. सगळे खो खो हसले.

"आता ते लाल धागे कापू का?" काकांनी विचारलं.

"खबरदार!" आजोबा म्हणाले. "राहू देत. मोठ्यांना आठवण राहील, की कळलं नाही तर विचारावं."

रविवार उजाडला. आजोबांची भरलेली बॅग दाराशी तशीच होती. तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि शंकाचा विचारायचा धीर झाला नाही. जन्मात पहिल्यांदाच!

दुपारी जेवणं झाली. मावशी कपडे वाळत घालत होती, पोरं स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. हाक यायची वेळ झाली. सवयीने खिळ्याने फडका खाली ठेवला, दादा दाराकडे वळला. शंका कान देऊन उभी राहिली.

हाक आलीच नाही.

घर्र... खट्!

आणि मग बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. शंकाने दाराच्या फटीतून हळूच पाहिलं. आजोबा एका हाताने एकेक सदरा काढून परत कपाटात ठेवत होते. तिने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"काय गं? मदतीला जाऊ?" दादाने कुजबुजत विचारलं.

"नको," शंका म्हणाली आणि ताटली पुसायला लागली. "त्यांचं ते करताहेत."