शेंदराचे सातशे एकतीस थर

गुरुवार हा कासारवेलच्या बाजाराचा दिवस, आणि गेल्या दोन वर्षांत तो संग्रहालयाचाही दिवस होऊन बसला होता. भाजी घेऊन झाली की माणसं घरातली एखादी जुनी वस्तू घेऊन संग्रहालयाच्या ओसरीत रांगेत बसायची. कुणाचं तांब्याचं घंगाळ, कुणाची अडकित्त्यासकट पानसुपारीची चंची, कुणाच्या देव्हाऱ्यातला टाक. आत टेबलावर पोळपाटाएवढं एक यंत्र होतं. सरकारी कागदावर त्याचं नाव 'थरवाचक', पण बाजार त्याला पापुद्र्या म्हणायचा. त्यातून टेराहर्ट्झ नावाच्या लहरी निघत, वस्तूच्या आत शिरत आणि प्रत्येक थरावरून थोड्या थोड्या परत येत. वस्तूला ओरखडाही न काढता तिच्यावर किती थर, कशाचे आणि किती जुने, ते पडद्यावर दिसायचं.

संग्रहालय म्हणजे तीन खोल्या, एक अंगण आणि हेमांगी दुधभाते. अभिरक्षक तीच, तिकीट फाडणारी तीच. पापुद्र्या येण्याआधी शाळेच्या सहली इथं फक्त पाणी प्यायला थांबायच्या. आता गर्दी आवरत नव्हती, याचा हेमांगीला आनंद होता आणि वैतागही. प्रत्येकाला आपलं घंगाळ शिवकाळातलंच हवं असायचं. ऐंशी वर्षांचं निघालं की माणूस यंत्रावर रुसून जायचा, आणि जाता जाता तिच्याकडे असं बघायचा की जणू घंगाळ तिनंच लहान केलं.

त्या गुरुवारी आडगव्हाणच्या कौसाबाई गुरव रिकाम्या हातानं रांगेत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली बाई, उजव्या हाताची बोटं शेंदरानं कायमची केशरी झालेली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गावाबाहेर त्यांचा देव आहे, थोरला वीर. रस्ता रुंद होतोय आणि देव मधोमध येतोय. रस्त्याचे साहेब म्हणतात, देव शंभर वर्षांपलीकडचा आहे आणि जागेवरचा आहे असा संग्रहालयाचा दाखला आणा, रस्त्याला वळसा देऊ. नाहीतर पुढच्या महिन्यात देव उचलणार. आणि देव काही घंगाळ नाही, रांगेत येऊन बसायला. तेव्हा यंत्रानंच यावं.

यंत्र गेलं. ते चालवणारा अय्याज तांबोळी याच तालुक्यातला, आडगव्हाण त्याच्या आजोळच्या वाटेवर. देव कमरेएवढा, गुळगुळीत, शेंदरानं इतका फुगलेला की डोकं कुठं आणि खांदे कुठं ते कळेना. नुसते चांदीचे डोळे तेवढे चिकटवलेले. क्ष-किरण शेंदरातल्या शिशापुढं हात टेकतात, म्हणून अशा देवांच्या आत काय आहे ते आजवर कुणाला ठाऊकच नव्हतं. अय्याजनं पायातले बूट काढले आणि यंत्र देवाभोवती फिरवलं.

आधी सगळं छान चाललं होतं. दरवर्षी चैत्रात इथं शेंदराचा मोठा लेप देतात, आणि पावसाळ्याची धूळ दोन लेपांमध्ये बारीक रेघ सोडते. पापुद्र्यानं त्या रेघा मोजल्या. सातशे एकतीस. बाहेरच्या थरांत शेंगदाण्याचं तेल, आतल्या थरांत जवसाचं. हेमांगीला वाटलं, झालं काम. सातशे एकतीस वर्षं म्हणजे यादवांचा काळ, आणि साहेब मागत होते फक्त शंभर.

मग अय्याज म्हणाला, "मॅडम, आतला दगड जरा बघा."

आतला दगड चौकोनी होता. एकदम काटकोनात घडवलेला, वर गोलाई दिलेली, आणि अंगावर दोन उर्दू आकडे कोरलेले. अय्याजनं ते वाचले, मान हलवली, पुन्हा वाचले. एकोणीस. खाली एक शब्द, मैल.

सातशे वर्षांच्या शेंदराच्या आत निजामाच्या काळातला मैलाचा दगड. हेमांगीचं डोकंच चालेना. नातू आजोबांच्या आधी जन्मावा, तसला प्रकार. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, देव पुन्हा मोजला, उत्तर तेच. पडद्यावर कोपऱ्यात 'विसंगती' असा लाल शब्द लुकलुकत होता. तो पाहून तिला यंत्राचा नाही, स्वतःच्या शिक्षणाचा राग आला.

उलगडा भेगांनी केला. आतले सहाशे तीन थर तडकलेले होते, तुकडे तुकडे होऊन चुन्यानं पुन्हा जोडलेले. बाहेरचे एकशे अठ्ठावीस मात्र अखंड, त्या भेगांवरून सरळ गेलेले. म्हणजे एकशे अठ्ठावीस वर्षांपूर्वी कुणीतरी हे शेंदराचं जाड कवच दुसऱ्या कशावरून तरी काढून या मैलाच्या दगडावर बसवलं होतं. आणि कवचाच्या आतल्या बाजूला त्या दुसऱ्या दगडाचा ठसा होता, उलटा, साच्यासारखा. ढाल, तलवार, पायाशी दोन गाई.

कौसाबाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि हळूहळू सांगायला लागल्या. देवावर शेंदूर फार चढला की कवच आपोआप सुटतं. त्याला देवानं कवच टाकलं म्हणतात, साप कात टाकतो तसं. मग उघड्या देवाला कुणी बघायचं नाही, घोंगडी पांघरायची, आणि चांगला दिवस बघून नवा शेंदूर द्यायचा. सुटलेलं कवच नदीत सोडायचं. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळी देव असाच घोंगडीत होता, कवच टोपल्यात होतं, आणि कचेरीची माणसं बैलगाडी घेऊन आली. दगड घेऊन गेली. कुणाची विचारायची छाती झाली नाही. आजेसासऱ्यांनी टोपल्यातलं कवच उचललं आणि जवळ जो दगड तेवढ्या उंचीचा मिळाला त्यावर बसवलं. हे गुरवाच्या घरात सासू सुनेला सांगते, बाहेर नाही.

"दगुड गेला बाई," त्या म्हणाल्या, "देव न्हाई गेला."

हेमांगी त्या दिवशी संग्रहालयात परतली ती सरळ अंगणात गेली. अंगणात सतरा वीरगळ होते, लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, निम्म्यांची कूळकथा कुणालाच ठाऊक नाही. अय्याजनं ठशाचा आकार एकेकाशी जुळवून पाहिला. अकरावा जुळला. इतका अचूक, की गाईच्या तुटक्या शिंगासह. तिनं कपाटातून नोंदवही काढली. तिच्यात लिहिलं होतं, 'टाकलेला वीर, बेवारस'. मग तळाशी पडलेली कचेरीची मोडीतली मूळ यादी काढली, फसली तेराशे पंचवीसची, म्हणजे इसवी सन एकोणीसशे पंधराची. तिच्यात एक शब्द जास्त होता. 'कवच टाकलेला वीर, आडगव्हाण.' नोंदवहीत उतरवून घेणाऱ्यानं कवच हा शब्द गाळला, गावाचं नावही गाळलं, आणि जागता देव टाकून दिलेला दगड झाला. चूक तिची नव्हती, तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची होती. तरी तिला लाज वाटली. नऊ वर्षं ती अंगणातल्या नळावर पाणी प्यायला आलेल्या शाळेच्या मुलांना हा दगड बेवारस म्हणून दाखवत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं कौसाबाईंना बोलावून घेतलं. म्हाताऱ्या बाईला भरून येईल, त्या दगडापुढं लोटांगण घालतील, असं काहीतरी तिनं मनात धरलं होतं, आणि रुमालही जवळ ठेवला होता. कौसाबाईंनी दगडाला एक प्रदक्षिणा घातली. ढाल पाहिली, गाई पाहिल्या, झिजलेला चेहरा पाहिला.

"ह्यो कोण?" त्यांनी विचारलं.

हाच तुमचा थोरला वीर, हेमांगीनं सांगितलं. कौसाबाई म्हणाल्या, की असंल. पण ह्याची आमची ओळख न्हाई. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हात जोडले ते तिकडं, मुलगा तापातून उठला तो तिकडच्या अंगाऱ्यानं. हा इथं नळाजवळ उभा असताना तिकडं नवस ऐकत होतं ते कोण? हेमांगीला रडू यायला लागलं होतं, आणि रुमाल शेवटी तिच्याच कामी आला.

दाखला शहरातून मंजूर झाला की वस्तू कायद्यानं संरक्षित व्हायची, आणि त्याच्या अर्जात एकच चौकोन होता. वस्तू कोणती? वीरगळ लिहावा तर तो जागेवर नाही, तो इथं अंगणात. मैलाचा दगड लिहावा तर तो मुळातच रस्ते विभागाचा, आपलाच दगड उचलायला त्यांना कुणाचा दाखला लागतो? वीरगळ परत नेऊन बसवावा तर त्यावर चढवायला कवच फोडावं लागणार, आणि जुने थर दुसऱ्यांदा जगणार नाहीत, असं अय्याज ठामपणे म्हणाला. हेमांगी दोन दिवस त्या चौकोनाकडे बघत बसली. धड झोप नाही, धड जेवण नाही. देव कुठं आहे हे ठरवायला आपल्याला पगार मिळतो का, असं तिनं अय्याजलाच विचारलं. शेवटच्या तारखेला तिनं लिहिलं, 'शेंदराचे कवच, सातशे एकतीस थर, मूळ जागेवर.' शेंदूर ही वस्तू आजवर कुणी संरक्षित म्हणून लिहिली नव्हती. शहरातले वरिष्ठ हसतील, याची तिनं तयारी ठेवली होती.

कुणी हसलं नाही. तीन आठवड्यांत मंजुरी आली. वर्तमानपत्रात फोटो आला, जगातलं असं पहिलंच वगैरे लिहून आलं. रस्त्याच्या आखणीला वळसा पडला. संग्रहालयात गुरुवारी रांग फाटकाबाहेर गेली. मंजुरीच्या कागदासोबत एक निळा फलक आला, देवाजवळ लावायचा. तो रोवायला हेमांगी स्वतः गेली, पेढे घेऊन.

चैत्र तोंडावर होता. कौसाबाई देवापुढं मांडी घालून बसल्या होत्या, ताटात शेंदूर, वाटीत तेल, बोटं बुडवलेली. फलकावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाल्या. हेमांगीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. संरक्षित वस्तू. कायद्यानं जतन. आणि तिसऱ्या ओळीवर ती अडली. ती ओळ प्रत्येक फलकावर असते. तिनं आजवर शंभर वेळा वाचली असेल, पण इथं काय होईल हे तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

"या वस्तूवर रंग, तेल, शेंदूर किंवा कोणताही लेप लावण्यास सक्त मनाई आहे."

कौसाबाईंचा हात देवाच्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबला. बोटांवरून तेल मनगटाकडे ओघळलं. मागे रस्त्याचे कामगार वळशासाठी चुना टाकत होते, मोठा, ऐसपैस वळसा. कौसाबाईंनी त्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं, मग हेमांगीकडे. रागानं नाही. खरोखरच समजून घ्यायचं होतं त्यांना.

"शेंदूर लावायचा न्हाई, तर मग बाई, ह्यो रस्ता वळसा घालतुया तो कुणाला?"